खालाबीचं विचारणं

मागच्या महिन्यात भाचीला झोप लागत नाही म्हणून तिला घेऊन सोलापूरला गेले होते. मनाच्या आजारांचा दवाखाना. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवरा तिशीतला, अंगानं धिप्पाड, पण खांदे उतरलेले आणि नजर जमिनीवर. त्यांचा नंबर आला. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. झोप लागते का? लागते. जेवतो का? जेवतो. कानात आवाज येतात का? आता नाही येत. छान, असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा उठून बाहेर आला. बाई मात्र उंबऱ्याशी घुटमळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं तोंड उघडलं.

"आणखी काय?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"काय न्हाय," म्हणाली आणि निघून गेली.

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर तीस-चाळीस माणसं ताटकळत होती, ते तरी काय करणार? पण माझं डोकं फिरलं. उठून त्या बाईला गाठावं, हात धरून बाजूला न्यावं आणि विचारावं, असं फार वाटलं. उठले नाही. अशा वेळी गप्प बसण्याची माझी खोड जुनी आहे. त्या खोडीपायी एक माणूस जिवाला मुकला असता आणि एका बाईचा संसार मोडला असता. दोन्ही वाचले ते खालाबीमुळं.

खालाबी म्हणजे नळदुर्गच्या हकीमसाहेबांची थोरली बहीण. निजामाची अमदानी होती, दूर कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि आमच्याकडं रॉकेल आणि कागद मिळेनासा झाला होता, त्या काळातली ही गोष्ट. पेठेत आमच्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. दुकानामागच्या गल्लीत हकीमसाहेबांचं घर. ते बाहेरच्या खोलीत बसत आणि पुरुषांना तिथंच तपासत. आतल्या खोलीच्या दाराला जाड हिरवा पडदा होता. पडद्याआड खालाबी बसायची. तिचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंदू-मुसलमान, लहानथोर सगळ्यांचीच ती खालाबी, म्हणजे मावशी.

हाडापेरानं मोठी बाई. विधवा. केस पांढरे, पण भुवया काळ्याभोर. तिला धड दिसत नसे, म्हणून ती बघायची कमी आणि हुंगायची जास्त. मुळी आणली की हुंगायची, दूध हुंगायची, मी माहेराहून नेसून आलेलं नवं लुगडं एकदा तिनं हुंगून बघितलं आणि म्हणाली, "रंग जाईल गे याचा, मिठाच्या पाण्यात घाल." खरंच गेला रंग. तिच्या पुढ्यात सदानकदा दगडी खल असायचा. हकीमसाहेबांची औषधं तीच कुटायची, चाळायची, पुड्या तीच बांधायची. कुटलेली प्रत्येक दवा ती आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघे. सगळ्यात कडू होती ती वेड्यांना द्यायची मुळी. ती जिभेवर ठेवली की तिचं अख्खं तोंड आक्रसायचं, आणि मग म्हणायची, "जे दुसऱ्याला पाजायचं ते आपल्याला ठावं पायजे."

वेड लागलेल्या माणसांसाठी हकीमसाहेबांची ख्याती होती. लांबून लांबून गाड्या यायच्या. पुरुष बाहेर, बायका आत पडद्यामागं. बायकांशी बोलायचं काम खालाबीचं. तिच्या दोन पद्धती होत्या, त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली रिकाम्या पुड्यांची. दवा घेऊन झाली की पुडीचा कागद बशीभर पाण्यात फिरवायचा, ते पाणीही प्यायचं आणि कागद वाळवून आठ दिवसांनी तिला परत आणून द्यायचा. लढाईमुळं कागद मिळत नाही, असं ती सांगे. ते खरंही होतं. पण आलेला प्रत्येक कागद ती नाकाशी धरायची आणि बोटांनी चुरगाळून बघायची, तेव्हा हा नुसता कागदाचा कंजूषपणा नव्हे, एवढं मला कळत होतं.

दुसरी पद्धत विचारण्याची. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, हे ती सावकाश, बत्ता बाजूला ठेवून विचारी. मग बत्ता उचलायची आणि खलात असा दणादण हाणायची की बाहेरच्या पुरुषांना दुसरं काही ऐकूच जाऊ नये. त्या आवाजाच्या आडोशानं ती पेशंटच्या बायकोला चौथी गोष्ट विचारायची. तुमचं दोघांचं कसं चाललंय, जवळ घेतो का, जबरदस्ती करतो का, का पाठ करून निजतो? बायका आधी लाजून मरायच्या. मग बोलायच्या. काही तर असं बोलायच्या की बत्ता हाणून हाणून खालाबीचा खांदा दुखून यायचा.

"दवा पोटात जाते," ती मला सांगायची, "पण तिथनं घरात कुठं कुठं जाते ते कोण बघनार?"

एकदा सास्तूरहून एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आला होता. पोर सोळा-सतरा वर्षांची. एकटीच बोलायची, हसायची, अंगावरच्या कपड्याची शुद्ध नसायची. भाऊ बाहेर हकीमसाहेबांना सांगत होता की स्थळ बघितलंय, लगीन झालं की पोर ताळ्यावर येईल, असं गावात चारचौघं म्हणतात. पडद्याआड पोर खालाबीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पुरुषांना ऐकू जाईल असं खालाबी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली, पडदा हलला इतक्या जोरानं.

"लगीन ही दवा असती तर म्या खलात कुटून पुड्या बांधल्या असत्या की रे! जिला पदराची शुद्ध न्हाय तिला परक्याच्या ताब्यात देतोस? तिथं तिला काय होईल ते तुला कळंना, का कळून घ्यायचं न्हाय?"

भाऊ खाली मान घालून पुड्या घेऊन गेला. ते लग्न झालं नाही, एवढं मला नंतर कळलं.

आता आमच्या घरचं. माझे थोरले दीर, त्यांना घरात आम्ही सुना 'थोरले' म्हणायचो, कारण नाव घ्यायची सोय नव्हती. मी त्यांच्यासमोर डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि थेट एक शब्दही कधी बोलले नाही. तशीच रीत होती. उमदा माणूस. दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलणारा. त्यांच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यांना आवाज यायला लागले. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, त्या पाण्यातून आपल्याला कुणीतरी नावानं हाका मारतं, असं ते म्हणायचे. गुळाची ढेप तोलता तोलता थांबायचे, ऐकायचे, आणि ताजवा तसाच टाकून किल्ल्याकडं चालू लागायचे. दोनदा बंधाऱ्याच्या काठावरून धरून आणलं. मठात नेलं, दर्ग्यात नेलं, अंगारे झाले, गंडे झाले. शेवटी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, छातीवर दगड ठेवून मागच्या गोठ्यात त्यांच्या पायात साखळी घातली. सात महिने ते तिथं होते. जेवणाचं ताट घेऊन जायची त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, गंगव्वाअक्का.

अक्का आळंदकडची, पक्की कानडी मुलखातली. आमच्या घरात सगळेच मोडकंतोडकं कानडी बोलत, त्यामुळं तिला मराठी शिकायची कधी गरज पडली नाही. खालाबी पैठणकडची, तिला कानडीचा गंध नाही. माझी आई कानडी, माहेर जळकोट, मला दोन्ही यायच्या. म्हणून थोरल्यांना हकीमसाहेबांची दवा सुरू झाली तेव्हा अक्काबरोबर पडद्याआड जायचं काम माझ्याकडं आलं. दर आठ दिवसांनी आम्ही दोघी रिकाम्या पुड्या घेऊन जायचो. खालाबी विचारायची, मी कानडीत सांगायची, अक्काचं उत्तर मराठीत परत द्यायची.

दवेनं गुण आला. महिन्याभरात हाका थांबल्या. साखळी सुटली, आत्याबाईंनी ती गोठ्यातल्या खुंटीला अडकवली आणि गल्लीत साखर वाटली. थोरले परत दुकानात बसू लागले. नाक सदा चोंदलेलं, हालचाल मंद, पण शांत. त्याच सुमारास एकदा खालाबीनं नेहमीच्या तीन गोष्टी विचारून झाल्यावर बत्ता उचलला.

"आता तिला इचार," खलाच्या दणदणाटात ती माझ्याकडं झुकून म्हणाली. "नवरा जवळ येतो का? दवा सुरू झाल्यापासनं त्याच्या अंगातलं ते हाय, का निवलं?"

माझे कान तापले. मी एकोणीस वर्षांची. ज्या माणसाचं नाव मी उच्चारत नाही, त्याच्याबद्दल हे विचारायचं, आणि तेही त्याच्या बायकोला, मला आईच्या जागी असलेल्या जावेला! मी अक्काकडं वळले आणि कानडीत म्हटलं, "अक्का, त्यांना भाकरी जाते का नीट?"

"जाते की," अक्का म्हणाली.

मी खालाबीला सांगितलं, "सगळं ठीक हाय म्हणते."

खालाबीनं अक्काच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या. "येवढ्या लवकर सांगितलं व्हय तिनं?" ती म्हणाली. मी मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढं प्रत्येक खेपेला ती विचारत राहिली आणि मी भाकरीचं विचारत राहिले.

आज लाज वाटते. पण तेव्हा मला मी फार मर्यादशील सून वाटत होते.

घरात काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही. अक्काच्या खोलीची भिंत माझ्या खोलीला लागून होती. सकाळी तिचे डोळे सुजलेले असत. तिनं गजरा माळणं सोडलं, मग आरशात बघणं सोडलं. आणि वर आत्याबाईंचं सुरू झालं. पोरगा बरा झाला, आता पाळणा का हलत नाही? आधी आडून, मग तोंडावर. अक्काची कूस खोटी आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. जळकोटला एक मुलगी बघून ठेवली, आणि सणानंतर अक्काला चार महिने माहेरी पाठवायचं ठरलं. ते चार महिने म्हणजे कायमचं, हे स्वयंपाकघरातल्या मांजरालाही कळत होतं. अक्काच्या आईवडिलांचं छत्र नव्हतं. ती जाणार होती भावजयीच्या दारात. ती काही बोलली नाही. थोरलेही नाही.

त्याच आठवड्यात आम्ही पुड्या घेऊन गेलो. खालाबीनं पहिला कागद नाकाशी धरला. चुरगाळला. दुसरा धरला. मग सगळेच मांडीवर पसरले.

"ह्ये कागद पाण्यात गेलेच न्हाईत," ती म्हणाली. "बघ, करकरीत हाईत. घडीत भुकटी तशीच हाय. दवा फेकतोय तो."

मग बत्ता न उचलताच, अगदी हळू, तिनं मला विचारलं, "पोरी, तू तिला रोज काय इचारत व्हतीस?"

मी रडायला लागले. रडत रडतच सांगितलं, भाकरीचं. अक्काला मराठी कळत नव्हतं. ती बावरून माझ्याकडं बघत होती.

मला वाटलं होतं, खालाबी आता मुस्काटात मारील. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं पुड्यांचे कागद एकावर एक ठेवले.

"माझा शोहर असाच व्हता," ती म्हणाली. "आमच्या अब्बांनी हीच मुळी दिली. गुण आला. पन तो माझ्याकडं पाठ करून निजू लागला. मला वाटलं, म्या आवडंना झाले. म्या न्हाय बोलले, त्यानं न्हाय सांगितलं, अब्बांनी न्हाय इचारलं. तिघंबी लई शरमेचे! सहा महिन्यांनी त्यानं हिरीत उडी टाकली. गादी उचलली तवा खाली पुड्या, न उघडलेल्या. तवापासनं इचारते बघ." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. "आता इचार तिला. तेच इचार."

मी अक्काचा हात धरला आणि विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"एन हेळ्ली, तंगी?" अक्का म्हणाली. काय सांगू, बाई? आणि मग सांगत सुटली. सहा महिने. आधी ते जवळ यायचे आणि काही जमायचं नाही, तेव्हा उशीत तोंड खुपसून रडायचे. मग यायचेच बंद झाले. तिला वाटलं, साखळीत असताना आपण त्यांना जेवू घातलं, घाण काढली, म्हणून आता त्यांना आपली किळस येते. बाजारात एका वैदूकडून त्यांनी ताकदीची मात्रा घेतली, ती खाऊन उलट्या झाल्या. आणि परवा म्हणाले, येडा होतो तेव्हा नवरा तरी होतो. मी एकेक वाक्य मराठीत आणत होते. पडद्यापलीकडं हकीमसाहेबांचं बोलणं थांबलं होतं. त्या दिवशी बत्ता कुणीच हाणत नव्हतं, त्यांना ऐकू जात होतं.

"भाईजान," खालाबी पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "त्याच्या पायातली साखळी सोडलीत, आन त्याच्या घरात नेऊन बांधलीत."

"आपा, दवा कमी केली तर आवाज परत येतील," पलीकडून हकीमसाहेब म्हणाले.

"थोडे येऊ द्या. थोडे आवाज सोसून मानूस जगतो. आता दवाच फेकतोय, मंग सगळेच येतील."

तसंच झालं, आणि आम्ही काही करायच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस, भर दुपारी थोरले दुकानातून उठून किल्ल्याकडं गेले. पाण्यात कमरेपर्यंत उतरले होते तेव्हा धोब्यांनी पाहिलं आणि ओढून आणलं. आत्याबाईंनी खुंटीवरची साखळी काढली. संध्याकाळी ते गोठ्यात होते. आणि आत्याबाई माझ्या सासऱ्यांना सांगत होत्या की हिच्याच पायगुणानं पोरगा परत बिघडला, हिला उद्याच गाडीत बसवा.

सकाळी आमच्या दारात पडदे लावलेली बैलगाडी उभी राहिली. पन्नास पावलांवरून खालाबी गाडीत बसून आली होती, कारण दिवसाउजेडी ती कधी उंबरा ओलांडत नसे. आमच्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. आत्याबाईंनी घोंगडी अंथरली. मुसलमानांसाठी आमच्याकडं वेगळा काचेचा पेला असायचा, त्यातून पाणी दिलं. खालाबीनं ते पाणी सगळं प्यायलं आणि पेला स्वतःच बाजूला ठेवला. मी आणि अक्का आतल्या दाराआड उभ्या होतो.

"बाई," ती आत्याबाईंना म्हणाली, "तुमची सून वांझ न्हाय. आमची दवा वांझ हाय."

आत्याबाईंना उमज पडेना. मग खालाबीनं, बत्त्याच्या आडोशाशिवाय, दोन आयांनी बोलावं तसं सगळं सांगितलं. त्या मुळीनं डोकं थंड होतं, पण काहींचं अंगही थंड होतं. पुरुषाला वाटतं आपल्यातलं पुरुषपण गेलं, बायकोला वाटतं आपण टाकाऊ झालो, आणि घराला वाटतं सून खोटी. खोटं कुणीच नसतं. दवेचा हात जड पडलेला असतो, एवढंच.

आत्याबाई पदरानं तोंड झाकून ऐकत होत्या. मग एकदम तडकल्या. "आन हे आधी का न्हाय सांगितलं तुमी? सहा म्हैने माजी सून तुमच्या दारात येत व्हती की! कुनी इचारलं न्हाय तिला?"

दाराआड मी अक्काच्या मागं सरकले. आता खालाबी माझं नाव घेणार. आणि घेतलं तर आत्याबाई मला उभी चिरणार, हे नक्की.

"न्हाय इचारलं," खालाबी म्हणाली. "इसरले म्या. चूक माझी हाय, बाई. हकीमसाहेबाची न्हाय, कुनाचीबी न्हाय. माझी."

तिनं दाराकडं बघितलंही नाही. वीस-पंचवीस वर्षं जी बाई एका दिवशीही विचारायला विसरली नव्हती, ती पेठेतल्या सगळ्यात तिखट जिभेच्या बाईसमोर विसरले म्हणून बसली होती. दुपारपर्यंत ते गावभर होणार होतं, आणि झालंही. मी दाराआडून बाहेर यायला हवं होतं. आले नाही.

मग ती बुरखा सावरून गोठ्यात गेली. थोरले गव्हाणीला टेकून बसले होते. खालाबी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली.

"बेटा, तुझ्यातलं काय गेलं न्हाय," ती म्हणाली. "दवेनं झाकून ठिवलंय. दवा अर्धी करू. तरीबी नगं वाटली तर हकीमसाहेबाकडं जा आन भांड. शिव्या दे. पन फेकायची न्हाय, आन त्या वैदूकडचं काय खायचं न्हाय. भांडनारा बरा व्हतो रे, फेकनारा न्हाय व्हत."

थोरल्यांनी पायातली साखळी हातानं थोडी सरकवली. मग विचारलं, "कमी केल्यावर हाका येतील?"

"थोड्या येतील."

"येऊ द्या," ते म्हणाले.

साखळी त्या दिवशी निघाली नाही, पंधरा दिवसांनी निघाली. जळकोटच्या मुलीचं बोलणं आत्याबाईंनी आपोआप सोडून दिलं. अक्का माहेरी गेली नाही. थोरल्यांना पावसाळ्यात, पाण्याचा जोर वाढला की, हाका ऐकू यायच्या. ते दुकानात बसून मान तिरकी करून ऐकायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थांबा हं जरा." मग परत तोलायला लागायचे. एका सकाळी अक्काच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा दिसला. मी काही विचारलं नाही, पण चुलीपुढं आम्ही दोघी उगीचच हसलो. मूल मात्र त्यांना झालं नाही. त्याला दवा कारण होती की आणखी काही, देव जाणे.

त्यानंतर एक दिवस खालाबीनं मला एकटीला थांबवून घेतलं. "मला कानडीत शिकव," ती म्हणाली. "तो सवाल."

माझा चेहरा उतरलेला बघून तिनं माझ्या गालाला हात लावला. तिच्या बोटांना त्या मुळीचा कडू वास होता. "तुझ्यावर राग न्हाय गे. पन उद्या तू बाळंतपनाला गेलीस तर?"

मी सगळ्यात सोपं करून दिलं. हत्र बर्तारेनु? जवळ येतात का? ती ते खलाच्या ठेक्यावर घोकायची. जीभ वळायची नाही, 'बर्तारेनु'चं काहीतरी भलतंच व्हायचं, अक्का हसून लोळायची. पण पाठ केलंच तिनं. पुढं सीमेकडच्या कानडी बायका आल्या की ती स्वतः विचारायची.

मग रझाकारांचे दिवस आले, मग सोलापूरकडून फौज आली आणि निजामी गेली. त्या दिवसांत काय काय झालं ते सांगण्याची ही जागा नव्हे. हकीमसाहेबांच्या घराला कुणी हात लावला नाही. पण रुग्णांच्या गाड्या यायच्या थांबल्या, आणि एक दिवस कळलं की ती भावंडं हैदराबादला नातलगांकडं निघाली आहेत. जा, असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. राहा, असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या घरानंही नाही.

जाण्याआधी खालाबीनं अक्काला वर्षभर पुरेल एवढी मुळी दिली, कुटायला शिकवली, जिभेवर ठेवून बघायला शिकवली. ती अक्का पुढं आयुष्यभर करत राहिली. मुळी संपली की हैदराबादहून मागवायची. थोरले त्यानंतर बावीस वर्षं जगले, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर गेले. साखळी अक्कानं कधीच लोहाराला देऊन तिचे विळे करून घेतले होते.

ते निघाले ती सकाळ. पेठेतून दोन गाड्या. पुढच्या गाडीत हकीमसाहेब आणि सामान, सगळ्यात वर पोत्यात गुंडाळलेला तो दगडी खल. मागच्या गाडीला पडदे. दुकानांच्या फळ्यांवर माणसं बसलेली होती, पण कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. आत्याबाई वरच्या खिडकीत होत्या. थोरले दुकानात. मी आणि अक्का दुकानाच्या पायरीशी, डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

आमच्यासमोर आल्यावर गाडी थांबली. पडदा बाजूला झाला. भर रस्त्यात, इतक्या पुरुषांसमोर, खालाबीनं तोंडावरचा बुरखा वर केला. तिचं तोंड त्या पेठेनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. तिनं डोळे बारीक करून अक्काला शोधलं.

"गंगव्वा," ती मोठ्यानं म्हणाली, "हत्र बर्तारेनु?"

पेठेत निम्म्यांना कानडी येत होतं. दोघा-तिघांनी माना वळवल्या. सवयीनं माझं तोंड उघडलं, काहीतरी सावरून घ्यायला, भाकरीचं वगैरे. अक्कानं माझा दंड दाबला.

तिनं एकदा दुकानातल्या थोरल्यांकडं पाहिलं. मग डोईवरचा पदर हातानं थोडा मागं सारला, म्हणजे गाडीतल्या त्या अंधूक नजरेच्या बाईला तिचं तोंड दिसावं.

"बर्तार, खालाबी," ती म्हणाली. "बर्तार."

खालाबीनं मान हलवली. बुरखा खाली आला, पडदा पडला आणि गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागली.